पोरक्या कोकराची लस आणि जंताचे औषध : केव्हा द्यावे, केव्हा थांबावे

मेंढी विताना दगावते, जुळ्यांपैकी एकालाच जवळ घेते किंवा कासदाहामुळे तिचे दूध आटते. अशा वेळी कोकरू पोरके होते आणि त्याचा सांभाळ घरातील माणसांकडे येतो. बहुतेक घरांत हे काम स्त्रिया आणि मुले करतात. कोकरू वाघरीत मेंढ्यांबरोबर न झोपता चुलीजवळच्या पोत्यावर झोपते, मुलांच्या मांडीवर बसून बाटलीने दूध पिते आणि अंगणभर माणसांच्या मागे फिरते. त्यामुळे त्याला कोणती लस केव्हा टोचावी आणि जंताचे औषध केव्हा पाजावे हा प्रश्न पशुवैद्यकीय दवाखान्यापुरता राहत नाही. कोकराच्या पोटातील काही आजार त्याला पाजणाऱ्या मुलाच्या पोटातही जाऊ शकतात. दिल्लीतील राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रामार्फत प्राण्यांपासून माणसांना होणाऱ्या रोगांच्या प्रतिबंधासाठी 'एक आरोग्य' या विचारावर आधारलेला राष्ट्रीय कार्यक्रम राबवला जातो. माणसाचे आणि जनावराचे आरोग्य वेगवेगळे मोजता येत नाही, हा त्यामागील विचार आहे. आरोग्य विभागाच्या पत्रकात कोकराविषयी लिहिण्याचे कारणही हेच.

हे पत्रक मुख्यतः महाराष्ट्रातील मेंढपाळ कुटुंबांसाठी आहे. फलटण, माण आणि खटाव भागातील अनेक धनगर वाडे दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. या वाटेवर वितलेल्या मेंढीची कोकरे घोड्यावरच्या बिऱ्हाडात बसून प्रवास करतात, आणि त्यांतील एखादे पोरके असते. जत तालुक्यातील माडग्याळ मेंढ्या पाळणाऱ्या घरांनाही हा अनुभव नवा नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गरोळ मेंढीचा जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार केली. अशा कळपात जुळी कोकरे अधिक होतात आणि दोघांना पुरेल इतके दूध प्रत्येक मेंढीला असतेच असे नाही. म्हणून वरचे दूध पाजून वाढवण्याची पद्धत अशा घरांनी नीट समजून घ्यावी.

कोकरू संरक्षणाशिवाय जन्मते

मानवी बाळ जन्मापूर्वीच नाळेवाटे आईकडून रोगप्रतिकारक प्रतिपिंडे घेते. गोवराची पहिली लस बाळाला नवव्या महिन्यात देण्याचे एक कारण हेच आहे : आईकडून आलेली प्रतिपिंडे पहिले काही महिने बाळाचे रक्षण करतात, पण तीच प्रतिपिंडे लसीचा परिणामही निष्प्रभ करू शकतात. मेंढीचे तसे नाही. तिच्या वारेतून प्रतिपिंडे पलीकडे जात नाहीत. कोकरू जवळजवळ कोणत्याही संरक्षणाविना जन्मते आणि त्याला जे मिळायचे ते आईच्या पहिल्या चिकातूनच मिळते.

चिकातील प्रतिपिंडे जशीच्या तशी रक्तात घेण्याची क्षमता कोकराच्या आतड्यात फार थोडा वेळ असते. जन्मानंतरच्या सहा तासांत ती वेगाने कमी होऊ लागते आणि साधारण २४ तासांनी संपते. दुसऱ्या दिवशी पाजलेल्या चिकाने पोषण मिळते, पण रोगांपासून मिळायचे ते संरक्षण मिळत नाही. म्हणून कोकरू पोरके झाल्याचे दिसताच दुधाची बाटली शोधण्याआधी चीक शोधावा.

चिकाचे प्रमाण वजनावरून ठरते : एका वेळी दर किलो वजनामागे सुमारे ५० मिलिलिटर आणि पहिल्या २४ तासांत एकूण सुमारे २०० मिलिलिटर. तीन किलोच्या कोकराला एका वेळी १५० आणि दिवसभरात ६०० मिलिलिटर चीक लागतो. पहिली पाजणी दोन तासांच्या आत व्हावी. सर्वांत चांगला चीक त्याच कळपातील नुकत्याच वितलेल्या, निरोगी मेंढीचा. तिच्या अंगातील प्रतिपिंडे त्याच गोठ्यातील आणि त्याच वाटेवरील रोगांविरुद्ध तयार झालेली असतात. तो नसेल तर शेळीचा, आणि तोही नसेल तर गाईचा चालेल. गर्भपात झालेल्या किंवा आजारी जनावराचा चीक वापरू नये.

येथे एक सूचना ठळकपणे द्यावीशी वाटते. चीक तापवला की त्याचा खरवस होतो, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. उष्णतेने चिकातील प्रथिने गोठतात आणि कोकराला हवी असलेली प्रतिपिंडे त्या प्रथिनांमध्येच असतात. म्हणून माणसांसाठी चीक तापवलाच पाहिजे आणि कोकरासाठी तो कधीही उकळू नये. बर्फात साठवलेला चीक कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवावा. चुलीवर ठेवू नये. कच्चा चीक हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत आणि तो चाखून पाहू नये.

कोकराची लस आणि जंताचे औषध कोणत्या दिवशी द्यायचे हे तीन गोष्टींवर ठरते : त्याने पहिल्या सहा तासांत चीक घेतला का, ज्या मेंढीचा चीक घेतला तिला वेळच्या वेळी लसी टोचल्या होत्या का, आणि ते गवत कधी खाऊ लागले. जन्माच्याच दिवशी या गोष्टी एका कागदावर लिहून ठेवाव्यात. चार महिन्यांनी कोणालाही त्या नेमक्या आठवत नाहीत.

आंत्रविषार : पहिली लस याचीच

बाटलीवर वाढणाऱ्या कोकराला सर्वांत आधी गाठणारा रोग आंत्रविषार आहे. क्लोस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स हे जिवाणू निरोगी मेंढीच्या आतड्यातही थोड्या संख्येने असतात. पोटात एकाएकी भरपूर दूध, भरड धान्य किंवा कोवळे गवत गेले की त्यांची संख्या झपाट्याने वाढते. त्यांचे विष रक्तात जाते आणि संध्याकाळी उड्या मारणारे कोकरू सकाळी मेलेले आढळते. अशक्त कोकरापेक्षा भरपूर खाऊ घातलेले गुटगुटीत कोकरू या रोगाला अधिक बळी पडते. ज्या घराने पोरक्या कोकराला मायेने थोडे जास्तच पाजले, त्या घराला हे नुकसान सोसावे लागते. उपचाराला बहुधा वेळ मिळत नाही, म्हणून लसीला पर्याय नाही.

आई लसीकृत असेल आणि कोकराने तिचा चीक वेळेवर घेतला असेल, तर शासकीय वेळापत्रकानुसार आंत्रविषाराची पहिली लस चौथ्या महिन्यात देतात. त्याआधी चिकातील प्रतिपिंडे रक्षण करत असतात. आई लसीकृत नसेल तर त्याच वेळापत्रकात पहिली लस पहिल्या आठवड्यात सांगितली आहे. चीक अजिबात न मिळालेले कोकरू याच दुसऱ्या गटात धरावे, कारण आईला लस दिली होती की नाही याचा त्याला काहीच उपयोग झालेला नसतो. पोरक्या कोकराच्या बाबतीत बहुधा होणारी चूक येथेच होते. कळपातील इतर कोकरांबरोबर त्याचीही लस चौथ्या महिन्यावर ढकलली जाते आणि धोक्याचे पहिले तीन महिने ते उघडे राहते.

एकाच मात्रेने काम पूर्ण होत नाही. पहिली मात्रा शरीराला रोगाची ओळख करून देते. टिकाऊ संरक्षण साधारण १५ दिवसांनी द्यायच्या दुसऱ्या मात्रेनंतर येते. फार लहान वयात लस दिलेल्या कोकराची प्रतिकारशक्ती अजून कच्ची असते, म्हणून पशुवैद्यक त्याला पुढे आणखी एक मात्रा सुचवू शकतात. त्यानंतर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी, शक्यतो मे महिन्यात, एक मात्रा द्यावी. पावसानंतर उगवणारे कोवळे गवत या रोगाला निमंत्रण देते, म्हणून ही वेळ ठरवलेली आहे.

लस दिली म्हणून पाजण्यात हयगय चालणार नाही. दूध थोडे थोडे आणि ठरलेल्या वेळी पाजावे. दुपारची पाजणी चुकली म्हणून रात्री दुप्पट पाजू नये. खुराक सुरू करताना तो आठवड्याभरात हळूहळू वाढवावा.

नाळेची जखम आणि खच्चीकरण या दोन ठिकाणांहून धनुर्वात शिरतो. जन्मताच नाळेला टिंक्चर आयोडीन लावावे. चीक न मिळालेल्या कोकराचे खच्चीकरण करायचे असल्यास आधी पशुवैद्यकाला तसे सांगावे. त्याला धनुर्वाताविरुद्ध वेगळे संरक्षण द्यावे लागते.

तिसऱ्या महिन्यापासूनच्या लसी

शेळ्या-मेंढ्यांचा बुळकांडी म्हणजे पीपीआर. भारतात हा रोग प्रथम १९८७ मध्ये तामिळनाडूत नोंदवला गेला. त्याचा जुना नातेवाईक, म्हणजे गाई-म्हशींचा बुळकांडी, लसीकरणाच्या बळावर २०११ मध्ये जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. पीपीआरही २०३० पर्यंत तसाच संपवण्याचे उद्दिष्ट जगाने आणि भारताने ठेवले आहे. भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने तयार केलेली लस वयाच्या तिसऱ्या महिन्यानंतर एकदा दिली की साधारण तीन वर्षे पुरते. ही जिवंत, क्षीण केलेल्या विषाणूची लस आहे. तीन महिन्यांच्या आत दिल्यास चिकातील प्रतिपिंडे ती निष्प्रभ करतात आणि कागदावर लस झालेली, पण अंगात संरक्षण नाही अशी अवस्था होते. चीक न मिळालेल्या कोकरात ही अडचण नसते. म्हणून जवळपास साथ असेल तर पशुवैद्यक त्याचा वेगळा विचार करू शकतात; पण तो निर्णय त्यांचाच असावा.

मेंढ्यांच्या देवीची लस तिसऱ्या महिन्यानंतर आणि पुढे दरवर्षी द्यावी. निळी जीभ हा रोग चिलटांमुळे पसरतो आणि महाराष्ट्रात पावसाळ्यात डोके वर काढतो. त्याची लसही तिसऱ्या महिन्यानंतर देता येते. लाळ्या खुरकुताची लस चौथ्या महिन्यानंतर द्यावी. राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात मेंढ्या-शेळ्यांचाही समावेश आहे, म्हणून गावात लसीकरणाचे पथक आले की अंगणातील कोकरूही पुढे करावे. पथक कळपाकडे जाते आणि घरात बांधलेले एकटे कोकरू अनेकदा सुटून जाते.

घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसी सहा महिन्यांनंतर, पावसाळ्यापूर्वी, आपल्या भागात हे रोग येत असतील तर द्याव्यात. फाशी रोगाची लस केवळ ज्या गावांत पूर्वी हा रोग झाला आहे तेथेच दिली जाते. सांसर्गिक गर्भपाताची शासकीय मोहिमेतील लस ४ ते ८ महिन्यांच्या गाई-म्हशींच्या मादी वासरांसाठी आहे. ती कोकराला देण्याचा आग्रह धरू नये.

आजारी, तापलेल्या किंवा हगवण लागलेल्या कोकराला लस देऊ नये; ते सावरेपर्यंत थांबावे. सर्व लसी एकाच दिवशी उरकण्याची घाईही करू नये. लस बर्फाच्या पेटीतूनच आलेली असावी. उन्हात तापलेली पीपीआरची लस निकामी होते, तर गोठलेली आंत्रविषाराची लस बिघडते.

जंताचे औषध : आधी कारण, मग मात्रा

कोकरू दुबळे दिसले, पोट मोठे दिसले किंवा लेंडी पातळ झाली की जंताचे औषध पाजण्याची सवय अनेक घरांत आहे. बाटलीवरील लहान कोकराच्या बाबतीत हा अंदाज बहुतेक वेळा चुकतो. मेंढ्यांचे बरेचसे जंत गवतातून पोटात जातात. जे कोकरू अजून गवत खात नाही, त्याच्या पोटात हे जंत येणार कोठून? काही बारीक जंत आईच्या दुधातून येऊ शकतात, पण तो अपवाद आहे.

तीन ते आठ आठवड्यांच्या कोकराला, विशेषतः ओल्या आणि दाटीच्या जागेत ठेवलेल्या कोकराला, रक्ती हगवण लागते. ती कॉक्सिडिया नावाच्या सूक्ष्म परजीवींमुळे होते. जंताच्या कोणत्याही नेहमीच्या औषधाचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. पशुपालक औषध पाजून दोन दिवस वाट पाहतात आणि त्या दोन दिवसांत कोकरू सुकून जाते. लेंडीत रक्त किंवा आव दिसल्यास, किंवा कोकरू कुंथत असल्यास जंतनाशक न पाजता त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवावे. अंथरूण रोज कोरडे करावे. खाद्याचे आणि पाण्याचे भांडे लेंडी पडणार नाही इतके उंच ठेवावे. या एवढ्या गोष्टींनी हा आजार बराच टळतो.

आणखी एक गैरसमज. गाईचा चीक पाजलेल्या काही थोड्या कोकरांत एक ते तीन आठवड्यांच्या वयात रक्त कमी होऊन हिरड्या आणि डोळ्यांच्या पापण्या पांढऱ्या पडतात. त्याला जंत कारण नाहीत. एवढ्या लहान वयात रक्त पिणारे जंत वाढून मोठे होण्याइतके दिवसच गेलेले नसतात. असे कोकरू तातडीने दवाखान्यात न्यावे.

खरा जंतांचा काळ कोकरू चरू लागल्यावर सुरू होतो. दख्खनच्या पठारावर सर्वांत घातक जंत हिमोंकस हा आहे. तो चौथ्या पोटात राहून रक्त पितो. एक मादी दिवसाला हजारो अंडी घालते. पाऊस आणि ऊब मिळाली की अंड्यांतून अळ्या निघून गवताच्या पात्यांवर चढतात. गवताबरोबर पोटात गेलेल्या अळीला मोठे होऊन अंडी घालायला साधारण तीन आठवडे लागतात. हा आकडा लक्षात ठेवला की औषधाची वेळ आपोआप कळते. कोकरू चरू लागल्यावर तीन ते चार आठवड्यांनी, म्हणजे बहुतेक वेळा वयाच्या दोन ते तीन महिन्यांच्या सुमारास, लेंडी तपासून पहिली मात्रा द्यावी. अंगणातल्या कोकराबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी : ते कळपात जाण्याच्या कितीतरी आधी न्हाणीच्या सांडपाण्यावर उगवलेले गवत कुरतडू लागते, आणि तेथेच मोठ्या मेंढ्या रात्री बसत असतील तर त्याचा चरण्याचा पहिला दिवस तोच धरावा.

त्यानंतर पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा औषध द्यावे. मधल्या काळात लेंडीच्या तपासणीवरून ठरवावे. महाराष्ट्रात पाऊस साधारणपणे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतो. दिल्ली, गुरुग्राम आणि गाझियाबादच्या परिसरात तो जूनअखेरीस पोहोचतो. कोकणातून परतणाऱ्या वाड्यांनी घाट चढून पठारावर आल्यावर, नव्या चराईवर पसरण्यापूर्वी औषध द्यावे. तळ्याकाठी किंवा भाताच्या खाचरात चराई झाली असेल तर पशुवैद्यकाला तसे सांगावे. गोगलगायींमुळे होणाऱ्या यकृतातील चपट्या कृमींसाठी वेगळे औषध लागते.

लेंडी तपासण्यासाठी सकाळची ताजी लेंडी स्वच्छ डबीत घ्यावी, डबीवर कोकराचे वय लिहावे आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात पोहोचवावी. दवाखाना दूर असेल तर निदान डोळा पाहावा. खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग दिवसाच्या उजेडात पाहावा. लालसर गुलाबी रंग चांगला, फिकट गुलाबी सावध करणारा, आणि पांढरा म्हणजे धोका. दक्षिण आफ्रिकेत विकसित झालेला 'फामाचा' हा रंगतक्ता याच निरीक्षणावर आधारलेला आहे. जबड्याखाली पाण्यासारखी सूज आली असेल तर रक्त फार कमी झाले आहे असे समजावे. लेंडीत भाताच्या शितांसारखे तुकडे दिसले तर ते पट्टकृमीचे असतात. दिसायला किळसवाणे, पण हिमोंकसइतके घातक नसतात.

औषधाची मात्रा डोळ्यांनी ठरवू नये. वजनकाट्यावर आधी आपण एकटे उभे राहावे, मग कोकरू उचलून घ्यावे. दोन आकड्यांतील फरक म्हणजे कोकराचे वजन. उदाहरणार्थ, अल्बेंडाझोल दर किलोमागे ७.५ मिलिग्रॅम द्यायचे पशुवैद्यकाने सांगितले असेल आणि बाटलीतील द्रव अडीच टक्क्यांचा, म्हणजे प्रत्येक मिलिलिटरमध्ये २५ मिलिग्रॅम औषध असलेला असेल, तर १० किलोच्या कोकराला ३ मिलिलिटर लागेल. 'लहान आहे, निम्मेच देऊ' असा विचार दयेपोटी येतो. पण अपुऱ्या मात्रेने कमकुवत जंत मरतात, चिवट जंत उरतात, त्यांचीच पिढी वाढते आणि काही वर्षांनी ते औषध त्या वाड्यातील कोणत्याच मेंढीला लागू पडत नाही. औषध जिभेच्या मागच्या भागावर, तोंडाच्या बाजूने सोडावे. मान वर ताणू नये, नाही तर औषध श्वासनलिकेत जाते. लस द्यायची असेल तर जंताचे औषध तिच्या १० ते १५ दिवस आधी द्यावे, म्हणजे लसीच्या वेळी कोकरू तब्येतीने सावरलेले असते.

कोकराबरोबर राहणाऱ्या माणसांसाठी

पहिल्या तीन-चार आठवड्यांत हगवण लागलेल्या कोकरापासून मुलांना क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी होऊ शकतो. पाण्यात टाकायच्या क्लोरीनने तो सहजी मरत नाही. पाणी उकळल्यास मरतो. पाच वर्षांखालील मुलांनी हगवण लागलेल्या कोकराला हात लावू नये. मोठ्या मुलांनी पाजल्यानंतर साबणाने हात धुवावेत. नुसत्या पाण्याने किंवा हात चोळायच्या द्रवाने भागत नाही. कोकराची बाटली आणि बोंडले बाळाच्या भांड्यांबरोबर धुवू नयेत. दूध पिऊन उरले तर ते माणसांनी वापरू नये.

गर्भवती स्त्रियांनी मेंढीच्या बाळंतपणात मदत करू नये, वार हाताळू नये आणि नवजात कोकरू ओले असताना उचलू नये. ब्रुसेला आणि इतर काही जंतू अशा वेळी शरीरात शिरून गर्भाला धोका पोहोचवू शकतात. हे काम घरातील दुसऱ्या माणसाने हातमोजे घालून करावे. हातमोजे नसतील तर स्वच्छ प्लास्टिकची पिशवीही चालेल.

कोकराच्या ओठांवर फोड आणि खपल्या आल्या तर तो मावा असू शकतो. पाजणाऱ्याच्या बोटावरही तसाच फोड येतो. तो बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. तो फोडू नये, कोरड्या फडक्याने झाकून ठेवावा आणि आरोग्य केंद्रात दाखवावा.

कळपाच्या कुत्र्यालाही विसरू नये. मेलेल्या मेंढीचे काळीज किंवा फुफ्फुस कुत्र्याने खाल्ले तर त्याच्या पोटात एक लहान पट्टकृमी वाढतो आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात पाण्याची गाठ होते. कुत्र्याला पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंताचे औषध आणि रेबीजची लस द्यावी. कुत्रा चावल्यास जखम साबणाने १५ मिनिटे धुवून त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे.

कोकरू अचानक मेले तर ते घरी चिरून पाहू नये, त्याचे मांसही खाऊ नये. नाकातून किंवा गुदद्वारातून न गोठणारे रक्त येत असेल तर फाशी रोगाचा संशय धरावा आणि पशुवैद्यक येईपर्यंत त्याला कोणीही हात लावू नये.

जनावराचे जंतनाशक मुलांना देऊ नये आणि मुलांच्या गोळ्या कोकराला देऊ नयेत. औषधाचे नाव एकच असले तरी मात्रा आणि मिश्रण वेगळे असते. १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना राष्ट्रीय जंतनाशक दिनी, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला, शाळेत आणि अंगणवाडीत गोळी मोफत दिली जाते. आपले बिऱ्हाड त्या दिवशी वाटेवर असेल तर जवळच्या अंगणवाडीत विचारावे. लस टोचताना सुई चुकून हाताला लागली तर जखम धुवून लसीची कुपी बरोबर घेऊन आरोग्य केंद्रात जावे. कोणती लस होती हे डॉक्टरांना कुपीवरूनच कळेल.

सुट्टीत पुणे, मुंबई किंवा दिल्लीहून गावी आलेली नातवंडे कोकराला पाजण्यासाठी रांग लावतात. त्यांना पाजू द्यावे, पण हात धुण्याचा नियम त्यांनाही लागू करावा. परत गेल्यावर मुलाला जुलाब लागले, किंवा घरातील कोणालाही आठवडेच्या आठवडे येत-जात राहणारा ताप, घाम आणि सांधेदुखी झाली, तर शहरातील डॉक्टरांना मेंढ्यांचा संपर्क आल्याचे आपण होऊन सांगावे. त्यांच्या दवाखान्यात हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

बाळाच्या लसीकरण कार्डासारखे एक कार्ड कोकरासाठीही करावे. कानात बिल्ला असल्यास त्याचा क्रमांक, जन्मतारीख, चीक केव्हा आणि कोणाचा मिळाला, आईची शेवटची लस, प्रत्येक लसीची आणि जंतनाशकाची तारीख, औषधाचे नाव, वजन आणि मात्रा त्यावर लिहावी. लेबलवर सांगितलेले दिवस उलटेपर्यंत त्या जनावराचे मांस किंवा दूध वापरू नये, म्हणून तारीख लिहिणे आवश्यक आहे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. फोन करताना हे कार्ड हातात असावे आणि आपण सध्या कोणत्या गावाच्या शिवारात मुक्कामाला आहात हे आधी सांगावे.